उंबराचं फूल आणि चिनी चार अक्षरं

सेवाग्रामला गांधीजींच्या ज्या मोजक्या वस्तू जपून ठेवल्या आहेत, त्यांत तीन माकडांची एक छोटी मूर्ती आहे. एकाने डोळे झाकलेत, एकाने कान, एकाने तोंड. आपल्याकडे कितीतरी शाळांच्या भिंतींवर ही तिघं रंगवलेली असतात. ती गांधीजींची माकडं, एवढंच आपण धरून चालतो. कुणी सांगतात, मूर्ती चिनी पाहुण्यांनी भेट दिली. कुणी जपानी भिक्षू निचिदात्सू फुजीई यांचं नाव घेतात. देणारा कुणीही असो, त्या माकडांच्या मागे उभा असलेला बोल चिनी आहे, दोन हजार वर्षांहून जुना आहे, आणि त्यात माकड कुठेच नाही.

कन्फ्यूशियसच्या संवादांचा ग्रंथ आहे, ‘लुन-यू’. त्याच्या बाराव्या प्रकरणात येन हुई हा आवडता शिष्य विचारतो, माणुसकी म्हणजे काय? गुरू सांगतात, स्वतःला आवरायचं आणि रीतीकडे परतायचं. शिष्याला एवढ्याने पुरत नाही. नेमकं काय करायचं ते सांगा, असं तो म्हणतो. तेव्हा गुरू चार बोल देतात, प्रत्येक चार अक्षरांचा: फेई ली वू शी, फेई ली वू तिंग, फेई ली वू येन, फेई ली वू दोंग. ‘ली’ म्हणजे रीत, मर्यादा. मर्यादेला सोडून असेल ते पाहू नये, ऐकू नये, बोलू नये, करू नये. हा बोल जपानला पोचला आणि तिथे एक गंमत घडली. जपानीत नकारार्थी क्रियापदाच्या शेवटी ‘झारू’ येतं आणि माकडाला ‘सारू’ म्हणतात, जे जोडशब्दात ‘झारू’ होतं. मिझारू, किकाझारू, इवाझारू: न पाहणं, न ऐकणं, न बोलणं. कानाला मात्र तीन माकडं ऐकू येतात. निक्को इथल्या तोशोगू देवळात घोड्यांच्या पागेवर सतराव्या शतकात ही तिघं लाकडात कोरली गेली, आणि पुढे जगभर फिरत एक दिवस वर्ध्याजवळच्या एका मातीच्या कुटीत येऊन बसली. चौथा बोल, ‘करू नये’, वाटेत बहुतेक ठिकाणी गळाला. त्याच्याकडे शेवटी येतो.

अशा बोलांना चिनी लोक ‘चेंग-यू’ म्हणतात. बहुतेक चेंग-यू चारच अक्षरांचे, जुन्या अभिजात चिनीतले, आणि मोठ्या कोशांत त्यांच्या नोंदी दहा हजारांच्या पुढे जातात. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात चिनी भाषा शिकवली जाते, चीनमधून विद्यार्थी तिथे हिंदी शिकायलाही आले आहेत. चिनी शिकणाऱ्या कुणालाही विचारा, या चार अक्षरांशी झटापट चुकत नाही. कारण प्रत्येक अक्षराचा अर्थ कळला तरी बोलाचा अर्थ कळत नाही. ‘शौ झू दाय तू’ घ्या. अक्षरशः: राखणे, खुंट, वाट पाहणे, ससा. आता यातून काय समजायचं? त्यासाठी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या हान फेईची गोष्ट माहीत हवी. सोंग राज्यातला एक शेतकरी नांगरत होता. एक ससा धावत आला, शेतातल्या खुंटावर आपटला आणि मान मोडून मेला. शेतकऱ्याने नांगर टाकला आणि दुसऱ्या सशाची वाट पाहत खुंटापाशी बसून राहिला. आळशी माणसाची गोष्ट म्हणून ती आज मुलांना सांगतात, पण हान फेईचा रोख राजांवर होता. पूर्वजांना एकदा जे फळलं तेच धरून आजचं राज्य चालवू पाहणारे सगळे त्या खुंटापाशी बसलेत, असं त्याला म्हणायचं होतं. चार अक्षरं म्हणजे गाठोड्याची गाठ. ती सोडली की आतून शेत, ससा, शेतकरी आणि राजाही बाहेर पडतो.

मराठी माणसाला खरं नवल वाटतं ते वेगळ्याच ठिकाणी. काही चेंग-यू आपल्याला समजावून सांगावेच लागत नाहीत. ‘लिन के ज्वे जिंग’ म्हणजे तहान लागल्यावर विहीर खोदणे. शब्दाला शब्द, तोच. कोणी कुणाकडून घेतला याची शोधाशोध करण्याची गरजही वाटत नाही; जिथे माणूस विहिरीच्या पाण्यावर जगतो तिथे हा बोल उगवणारच. चीनमध्ये मात्र त्याचं मूळ एका वैद्यकाच्या ग्रंथात जातं, हे फार सुंदर आहे. पीत सम्राटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे दोन हजार वर्षं जुन्या चिनी वैद्यकग्रंथात असा विचार येतो की रोग जडल्यावर औषध शोधणं हे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखं, लढाई जुंपल्यावर हत्यारं घडवण्यासारखं आहे. खरा वैद्य रोग होण्याआधीच काम करतो. हे वाचताना मला सेवाग्रामचं महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थान आठवल्याशिवाय राहत नाही. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी ते उभं केलं. तिथे डॉक्टर होऊ पाहणारी मुलं सुरुवातीला आश्रमात राहतात आणि प्रत्येक तुकडी एक खेडं दत्तक घेते. घरोघरी जाऊन पाणी, अन्न, लस, बाळंतपण यांची चौकशी करते. प्राचीन चिनी वैद्य तिथे आला असता तर त्याला परकं वाटलं नसतं.

काही बोल जवळचे वाटतात, पण नीट पाहिलं तर उलट्या बाजूने आलेले असतात. ‘दुई न्यू तान चिन’ म्हणजे बैलापुढे वीणा वाजवणे. आपण लगेच म्हणतो, हे तर गाढवापुढे वाचली गीता! आज चीनमध्येही तो त्याच अर्थाने वापरतात. पण मूळ गोष्ट अर्धीच सांगितली जाते. गोंगमिंग यी नावाच्या वादकाने चरणाऱ्या बैलापुढे उच्च दर्जाचा राग छेडला, बैल चरतच राहिला. मग त्याने तारांवर डासांची गुणगुण काढली, चुकलेल्या वासराचं हंबरणं काढलं. बैलाने शेपटी हलवली, कान टवकारले आणि तो ऐकू लागला. ही गोष्ट ‘मोउझी’ नावाच्या जुन्या बौद्ध ग्रंथात येते. बौद्ध लेखकाला विचारलं जातं, तू बुद्धाचा धर्म सांगतोस, मग दाखले आमच्या कन्फ्यूशियन ग्रंथांतले का देतोस? त्यावर हे उत्तर. ऐकणाऱ्याला जे कळतं त्यातून सुरुवात करावी. म्हणजे मूळ गोष्टीत बैलाला दोष नाहीच. जबाबदारी वाजवणाऱ्याची आहे. ज्या वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा पाहायला माणसं लोटतात, तिथल्या माणसाला वासराच्या हंबरण्याला बैल कान देतो हे वेगळं सांगायला नको. आपल्या म्हणीत गाढवावरच सगळा ठपका ठेवून आपण मोकळे होतो, आणि मला हा चिनी बोल त्याहून मोठ्या मनाचा वाटतो.

आता उंबराकडे. फार दिवसांनी भेटलेल्या माणसाला आपण म्हणतो, तुम्ही म्हणजे उंबराचं फूल झालात. उंबराला फूल दिसत नाही हे खरंच. फुलं असतात, हजारोंनी असतात, पण ती फळाच्या आत, भिंतींना चिकटून. गांधीलमाशीच्या जातीचा एक इवलासा किडा बारीक छिद्रातून आत शिरतो आणि परागीभवन करतो. बाहेरून पाहणाऱ्याला थेट फळच दिसतं. म्हणून प्राचीन भारतीयांनी उदुंबराचं फूल म्हणजे युगायुगांत एकदा दिसणारी गोष्ट असं ठरवलं, आणि बौद्ध ग्रंथांनी ती उपमा उचलली: बुद्धाचा उपदेश कानी पडणं उदुंबराच्या फुलाइतकं दुर्मिळ. सद्धर्मपुण्डरीक सूत्रात ती येते. इसवी सन 406 मध्ये कुमारजीवाने चांगआन, म्हणजे आजचं शीआन, इथे त्या सूत्राचं चिनी भाषांतर केलं. ‘उदुंबर’चं चिनी लिपीत ‘यूतानबोलो’ असं काहीतरी झालं, त्यातला ‘तान’ उरला, त्याला ‘ह्वा’ म्हणजे फूल जोडलं गेलं, आणि चेंग-यू तयार झाला: ‘तान ह्वा यी श्येन’, उंबराचं फूल एकदा दिसलं. आज चिनी माणूस तो क्षणभर चमकून विझणाऱ्या कीर्तीबद्दल वापरतो. दुर्मिळतेचा अर्थ मागे पडून क्षणिकतेचा पुढे आला.

गोष्ट इथेच थांबत नाही. चीनमध्ये उंबराचं खरं फूल कुणी पाहिलेलं नव्हतं, तेव्हा ‘तान-ह्वा’ हे नाव दुसऱ्याच एका फुलाला चिकटलं: मध्य अमेरिकेतून आलेलं निवडुंगाच्या कुळातलं, रात्री उमलून सकाळी मिटणारं पांढरं फूल. ते आपल्याही अंगणात आहे. ज्याला आपण ब्रह्मकमळ म्हणतो, रात्री जागून ज्याची पूजा करतो, शेजाऱ्यांना हाका मारून दाखवतो, तेच. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं. म्हणजे एका परदेशी निवडुंगाला चिन्यांनी आपल्या उंबराचं नाव दिलं आणि आपण हिमालयातल्या कमळाचं! अचानक, रात्री, थोड्या वेळासाठी उमलणाऱ्या फुलाला साधं नाव देण्याचं धाडस दोन्ही देशांत कुणाला झालेलं दिसत नाही.

त्याच सद्धर्मपुण्डरीकाचं नाव सेवाग्राम आश्रमाच्या प्रार्थनेत आजही उच्चारलं जातं. फुजीई गुरुजी 1933 साली वर्ध्याला गांधीजींना भेटले, आणि त्यांच्या पंथाचा मंत्र आश्रमात आला: ‘नम्यो हो रेंगे क्यो’. पुढे महायुद्धात आश्रमातल्या जपानी भिक्षूला ब्रिटिशांनी पकडून नेलं, तरी गांधीजींनी मंत्र प्रार्थनेतून काढला नाही. हा मंत्र सोडवून पाहा. ‘नम्यो’मध्ये ‘नमु’ आणि ‘म्यो’ एकत्र झालेत. पहिलं ‘नमु’ म्हणजे आपलं ‘नमो’. ‘म्यो-हो’ म्हणजे सद्धर्म, ‘रेंगे’ म्हणजे कमळ, ‘क्यो’ म्हणजे सूत्र. ही कुमारजीवाने ग्रंथाला दिलेल्या चिनी नावाची अक्षरं, जपानी उच्चारात. संस्कृत ग्रंथ, चिनी नाव, जपानी जीभ, आणि म्हणणारे वैदर्भी!

माकडंसुद्धा एकाच दिशेने गेली नाहीत. चिनी मुलांना ‘शुई झोंग लाओ युए’ म्हणजे पाण्यातून चंद्र काढणे हा बोल माकडांच्या गोष्टीने शिकवतात. या गोष्टीची जुनी चिनी नोंद महासांघिक विनयात आहे. फाश्येन हा प्रवासी त्या ग्रंथाची प्रत पाटलीपुत्राहून घेऊन गेला आणि बुद्धभद्र या भारतीय भिक्षूबरोबर त्याने 416 ते 418 या काळात तिचं भाषांतर केलं. काशीच्या रानात पाचशे माकडं राहत होती. वडाखालच्या विहिरीत त्यांना चंद्र पडलेला दिसला. प्रमुख म्हणाला, चंद्र वाचवू या, नाहीतर जगात अंधार होईल. एकमेकांच्या शेपट्या धरून सगळी फांदीवरून लोंबकळली, फांदी मोडली, आणि सगळी पाण्यात. फोल खटपटीला चिनी माणूस आज हा बोल लावतो. पण त्या माकडांचा हेतू पाहा, जगाला उजेड राहावा म्हणून ती विहिरीत उतरली! पाली आणि बौद्ध ग्रंथांचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी 1947 साली सेवाग्रामला देह ठेवून गेले. त्यांचे शिष्य पु. वि. बापट पालीबरोबर चिनी बौद्ध ग्रंथही वाचत. असे वाचणारे होते म्हणून या वाटा आपल्याला दिसू तरी लागल्या.

राहिला तो चौथा बोल, करण्याचा. सोळाव्या शतकाच्या आरंभी वांग यांगमिंग या विचारवंताने ज्ञान आणि कृती एकच आहेत असं मांडलं. त्याचा चेंग-यू झाला ‘झी शिंग हे यी’. ‘झी’ म्हणजे जाणणं, ‘शिंग’ म्हणजे करणं. चारशे वर्षांनी ताओ नावाच्या एका तरुणाने या विचाराने भारून स्वतःचं नावच झी-शिंग ठेवलं. तो अमेरिकेत जॉन ड्यूईकडे शिकला आणि 1927 साली नानजिंगजवळ शाओझ्वांग इथे त्याने खेड्यातल्या शिक्षकांसाठी शाळा काढली. तिथे शिक्षक आणि विद्यार्थी शेत कसत, स्वयंपाक करत आणि शिकत. ताओच्या सहा वर्षांच्या मुलाने आपल्या आजीला अक्षरं शिकवली होती. त्यातून पुढे ‘छोटे शिक्षक’ ही पद्धत निघाली: जो आज शिकला त्याने आजच घरी जाऊन दुसऱ्याला शिकवावं. मुलं आणि शेतकरी यांच्यात राहून ताओची खात्री पटली की वांग यांगमिंगच्या बोलातला आधी ‘झी’, मग ‘शिंग’ हा क्रम उलटा आहे. हात लावल्याशिवाय कळत नाही. 1934 साली त्याने नावातल्या दोन अक्षरांची अदलाबदल केली आणि तो ताओ शिंग-झी झाला: आधी करणं, मग जाणणं.

हाच माणूस 1938 च्या ऑगस्टमध्ये सेगावला आला. सेवाग्राम हे नाव गावाला अजून मिळायचं होतं. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमची कल्पना मांडली गेली होती: मूल आधी टकळी फिरवील, कापूस पिंजील, वाफा खणेल, आणि त्यातून गणित, भूगोल, विज्ञान शिकेल. ताओंच्या तोंडून चीनमधल्या लोकशिक्षणाची हकिकत ऐकून गांधीजींनी त्यांना ती लिहून द्यायला सांगितलं, आणि ते लेखन ‘हरिजन’मध्ये छापून भारतातल्या शिक्षकांपुढे ठेवलं.