एक संहिता, भिन्न पाठ : लिनक्स कर्नलच्या संकलनातील भेद

लिनक्स कर्नलची एकच मूळ संहिता दोन संगणकांना दिली, विन्यासाची फाईलही एकच ठेवली आणि दोन्हीकडे आर्म प्रक्रियकासाठी कर्नल सिद्ध करविला, तर दोन्ही फलिते तंतोतंत एक असावीत अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ती पुष्कळदा एक नसतात. ज्या यंत्रावर कर्नल चालावयाचा त्याहून भिन्न यंत्रावर तो संकलित करणे, म्हणजे क्रॉस-कंपायलिंग, यात यजमान यंत्र केवळ लेखनिक आहे असा समज असतो. परंतु लेखनिक कधीच ‘केवळ’ नसतो, हे हस्तलिखितांच्या अभ्यासकांस सांगावयास नको.

पोथीच्या अंती लेखनिक आपले नाव, गाव व शक नोंदवितो. कर्नलही तेच करतो. संकलन करणाऱ्याचे नाव, यंत्राचे नाव, दिनांक व वेळ, कंपायलरची आवृत्ती आणि संकलनाचा अनुक्रमांक ही सारी पुष्पिका त्याच्या आवृत्तिदर्शक ओळीत कोरली जाते. शा-२५६ पद्धतीने काढलेली मुद्रा एक बिट बदलला तरी संपूर्ण बदलते. त्यामुळे मुद्रा जुळली नाही एवढ्यावरून भेद पुष्पिकेतला आहे की ग्रंथातला, हे कळत नाही. नाव, यंत्र व वेळ बाहेरून ठरवून देण्याची सोय कर्नलच्या संकलनव्यवस्थेत आहे. ती प्रथम वापरावी व मगच तुलनेस बसावे.

दुसरे कारण भाषाशास्त्राच्या अंगणातले आहे. फायलींची यादी अकारविल्हे लावताना यंत्र आपल्या भाषा-स्थानाच्या नियमांना अनुसरते. इंग्रजीच्या सामान्य क्रमात मोठी व लहान लिपी एकमेकींत मिसळतात. ‘सी’ नावाच्या क्रमात सर्व मोठी अक्षरे आधी येतात. क्रम बदलला की फलितातील भागांच्या जागा बदलू शकतात. म्हणूनच कर्नलच्या मुख्य मेकफाईलमध्ये ‘सी’ क्रम सक्तीचा केला आहे. पण या लिपिभेदाचा त्रास तेवढ्याने संपत नाही. कर्नलच्या नेटफिल्टर विभागात केवळ मोठ्या-लहान अक्षरांनी भिन्न अशी नावे असलेल्या फायलींच्या जोड्या आहेत. मॅकओएसच्या नेहमीच्या फाईलव्यवस्थेस हा भेद दिसत नाही, आणि जोडीतील एक फाईल दुसरीवर लिहिली जाते. तेथे मूळ संहिताच खंडित होते. (देवनागरीच्या वाचकास हा घोटाळा मुळात परका वाटावा.)

याहून गंभीर भेद विन्यासात शिरतो. २०१८ मधील ४.१८ या आवृत्तीपासून कंपायलरच्या क्षमतेची तपासणी विन्यासाच्या वेळीच होते. जुन्या कंपायलरला एखादी सोय झेपत नसेल, तर तिच्यावर अवलंबून असलेला पर्याय निमूटपणे गळतो. ‘विन्यास तोच होता’ हे विधान करणारा येथे बहुधा फसतो. संकलनानंतर उरलेला विन्यास ताडून पाहिल्याविना ते विधान करू नये. येथे वेगळा कर्नलच जन्मास आलेला असतो, आणि त्यात एखादे संरक्षण कमी असू शकते.

या तंतोतंतपणाचा आग्रह कशासाठी? केन टॉम्पसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ट्यूरिंग व्याख्यानात दाखविले की, कंपायलरच दूषित असेल तर मूळ संहिता कितीही वाचली तरी दोष सापडत नाही. यावर डेव्हिड व्हीलर यांनी २००९ च्या प्रबंधात सविस्तर मांडलेला उपाय असा : संशयित कंपायलरची मूळ संहिता दुसऱ्या, स्वतंत्र कंपायलरकडून संकलित करावी, त्या फलिताकडून तीच संहिता पुन्हा संकलित करावी, आणि अंतिम फलित मूळ कंपायलरशी ताडावे. ही कसोटी फलित स्थिर असेल तरच चालते. कर्नलच्या बाबतीतही वितरित प्रत घोषित संहितेतूनच निघाली आहे काय, हे तिऱ्हाइताला स्वतः संकलन करूनच पडताळता येते. भेद नित्याचे झाले, तर घुसडलेला भेद त्यांत खपून जातो.

एक अडचण मात्र हेतुतः निर्माण केलेली आहे. मॉड्यूलांवर आपोआप स्वाक्षरी करण्याचा पर्याय निवडल्यास प्रत्येक संकलनात नवी तात्पुरती किल्ली घडविली जाते, आणि दोन फलिते एक होणे अशक्य ठरते. किल्ली संहितेबरोबर वाटली तर स्वाक्षरीचा अर्थच नष्ट होतो. कर्नलच्या दस्तऐवजात यावर तोड सुचविली आहे ती अशी की, मॉड्यूले स्वाक्षरीविना संकलित करावीत, स्वाक्षऱ्या वेगळ्या काढून त्यांनाच मूळ सामग्री मानावे, आणि दुसऱ्या फेरीत त्या जोडाव्यात.