तिन्ही प्राणी हवेत!

मुलांनो, समजा तुमच्यापुढे कुणी तीन प्राणी आणून ठेवले. एक खेकडा, एक पेंग्विन आणि एक आर्माडिलो. आर्माडिलो म्हणजे अंगावर चिलखत घेऊन फिरणारा, अमेरिकेतला प्राणी. आपल्याकडच्या खवल्या मांजरासारखं, घाबरला की अंगाचं मुटकुळं करून बसायचं, ही कला त्याच्या काही जातींनाही येते. आणि तुम्हाला सांगितलं, "यांतला एकच मिळेल. मतं द्या. हरतील त्यांना विसरा." तर तुम्ही काय कराल?

ऑक्टोबर २०२३ मध्ये 'माइनक्राफ्ट' खेळणाऱ्यांपुढे नेमका हाच पेच होता. हा खेळ मोजांग नावाच्या स्वीडनमधल्या कंपनीचा. २०१७ पासून ती अधूनमधून असं मतदान घ्यायची. खेकड्याची नांगी हातात धरली तर दूरवर ठोकळा ठेवता येणार होता, पेंग्विन होडीचा वेग वाढवणार होता आणि आर्माडिलोच्या खवल्यांपासून पाळीव लांडग्याला चिलखत मिळणार होतं. आता यातलं काय सोडायचं? खेळणारे चिडले. "एकच का? तिन्ही द्या!" अशी सह्यांची मोहीम निघाली. थोड्या दिवसांत काही लाख सह्या जमल्या! कुणी तर जुन्या क्रांतीच्या भित्तिपत्रकांसारखी चित्रं काढली, त्यात खेकडा, पेंग्विन आणि आर्माडिलो खांद्याला खांदा लावून उभे.

तरी मतदान झालं. आर्माडिलो जिंकला. खेकडा आणि पेंग्विन बाहेरच राहिले.

मोठी माणसं हे ऐकून म्हणतील, "काय ही आजकालची मुलं! कितीही द्या, यांचं समाधान नाही." खरंच असं आहे का? मला वाटतं, उत्तर इतकं झटपट देऊ नये.

आधी या खेळांची जातच बघा. इंग्रजीत यांना 'सँडबॉक्स' म्हणतात, म्हणजे वाळूचा हौद. सापशिडीत शंभरावर पोचलं की खेळ खलास. सापशिडी खेळताना कुणी म्हणत नाही, "अजून एक साप द्या ना!" पण घराचं बांधकाम चालू असलं आणि दारात वाळूचा ढीग पडलेला असला, तर? तिथे जिंकणं नाही, हरणं नाही. बोगदा खणला की त्यात पाणी हवं. पाणी आलं की होडी हवी. होडी आली की बंदर! सँडबॉक्स खेळ हे असे असतात. 'मनाला येईल ते करा' हेच त्यांचं आमंत्रण. मग मनाला येतच राहणार! आणि ज्या मुलीनं चार वर्षं खपून त्या जगात घर, शेत, आगगाडीचा रूळ असं सगळं उभं केलंय, तिला ते जग आपलंच वाटणार. आपल्या घरात खिडकी कुठे हवी हे माणूस सांगणारच की.

म्हणजे मागणं हा काही मुलांचा दुर्गुण नव्हे, बरं का. खरी गोम वेगळीच आहे. बाहेरून बघणाऱ्याला, कुठली गोष्ट करायला सोपी आणि कुठली अवघड, हे कळतच नाही.

या आर्माडिलोचंच बघा ना. एप्रिल २०२४ मध्ये तो खेळात आला. तो राहणार कुठे? गवताळ माळावर. खाणार काय? कोळ्यांचे डोळे! कोळी त्याला बघून पळ काढणार. ब्रश फिरवला की तो एक खवला देणार, आणि सहा खवले जमले की लांडग्याचं चिलखत होणार. म्हणजे एका प्राण्यासाठी कोळी बदलला, लांडगा बदलला. शिवाय माइनक्राफ्टचे दोन वेगवेगळे अवतार आहेत. एक 'जावा', तो संगणकावरचा; दुसरा 'बेडरॉक', तो मोबाइलपासून टीव्हीला जोडायच्या यंत्रांपर्यंत सगळीकडे चालणारा. त्यामुळे प्रत्येक प्राणी दोन्हीकडे करावा लागतो.

"पण हौशी मुलं तर हरलेले प्राणी स्वतः करून दाखवतात!" असं तुमच्यातला एखादा जाणकार म्हणेल. खरंय. त्याला 'मॉड' म्हणतात, आणि त्या मुलांच्या हुशारीला माझा सलाम. पण मॉड बिघडला तर आपण तो काढून टाकतो, कुणी रागावत नाही. कंपनीनं दिलेला खेकडा मात्र जुन्यापान्या मोबाइलवरही चालला पाहिजे, आणि तुमचं चार वर्षांचं घर त्यानं मोडता कामा नये. २०२३ पर्यंत या खेळाच्या तीस कोटींहून जास्त प्रती खपल्या होत्या. एवढ्यांच्या घरात खेकडा सोडायचा तर जपूनच सोडायला हवा, नाही का?

कधीकधी मात्र खेळणाऱ्यांचं म्हणणं अगदी वाजवी असतं. २०१७ मध्ये माइनक्राफ्टमध्ये पोपट येणार होते. चाचणीच्या आवृत्तीत त्यांना माणसाळवायचं कसं, तर चॉकलेटचे तुकडे घातलेलं बिस्किट देऊन! लोकांनी कळवलं, "अहो, चॉकलेट पोपटाला विषारी असतं. लहान मुलं घरच्या पोपटाला देऊन बसतील!" मोजांगनं ऐकलं. बिस्किटाऐवजी बिया आल्या, आणि खेळातल्या पोपटाला कुणी बिस्किट दिलंच तर तो मरतो, असा नियम झाला. तुमच्या घरी पिंजरा असेल तर ही गोष्ट खेळाबाहेरही लक्षात ठेवा.

काजव्यांची कथा याच्या उलट. २०२१ मध्ये कंपनीनं दाखवलं, की दलदलीत काजवे चमकणार आणि बेडूक ते गट्ट करणार. सगळे खूश! मग लक्षात आलं, की काही काजवे खऱ्या बेडकांना विषारी असतात. २०२२ मध्ये बेडूक आले, काजवे मात्र आलेच नाहीत. खेळणारे म्हणाले, "अहो, बेडकाला खाऊ देऊ नका, पण काजवे तरी ठेवा!" यात जास्तीची अपेक्षा कुठे होती? दाखवलेली वस्तूच तर मागत होते. शेवटी मार्च २०२५ मध्ये काजव्यांचं झुडूप खेळात आलं. रात्री त्याच्याभोवती काजवे चमकतात, आणि बेडूक त्यांच्या वाटेला जात नाही.

आता जरा मोठ्या भांडणाकडे वळू. इंग्लंडमध्ये गिल्डफर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या 'हॅलो गेम्स' या चिमुकल्या कंपनीनं डिसेंबर २०१३ मध्ये 'नो मॅन्स स्काय' हा खेळ जाहीर केला. त्याच महिन्यात, नाताळच्या आदल्या रात्री, त्यांच्या ऑफिसात पुराचं पाणी शिरलं आणि सामान गेलं. तरी मंडळी हटली नाहीत. त्यांच्या खेळात ग्रह किती होते माहीत आहे? १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६! बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. चौसष्ट घरांतले सगळे दाणे मोजा, वर आणखी एक दाणा टाका, की बरोबर ही संख्या येते. दर सेकंदाला एक ग्रह बघितला तरी सगळे बघून व्हायला सुमारे ५८ हजार ५०० कोटी वर्षं लागतील.

इतके ग्रह पंधरा-एक माणसांनी बनवले कसे? बनवलेच नाहीत! सतराचा पाढा आपण लाखापर्यंत वहीत लिहून ठेवतो का? नाही. रीत माहीत असली की कुणी सतरा गुणिले नऊ हजार विचारलं तरी उत्तर काढता येतं. तसंच त्यांनी ग्रह काढायची रीत लिहिली. तुम्ही जवळ गेलात की संगणक गणित सोडवतो आणि डोंगर, झाडं, प्राणी उभे राहतात. आकडा तोच, म्हणून उत्तरही तेच. दोन मुलं एकाच ग्रहावर गेली तर दोघांना तोच डोंगर दिसणार.

पण त्या दोघांनी एकमेकांना बघायचं असेल तर? इथे पाढा कामाचा नाही. हा इथे चालला, तो तिथे वळला, हे क्षणोक्षणी इंटरनेटवरून एकमेकांना कळवत राहावं लागतं. बघा हं, कोट्यवधी ग्रह एका रितीत बसले आणि एक मित्र काही बसेना!

कंपनीचे प्रमुख शॉन मरे यांनी मुलाखतींत सांगितलं होतं, की दोन खेळाडूंची भेट होऊ शकेल, पण जग इतकं अफाट की ती शक्यता अगदी कमी. ऑगस्ट २०१६ मध्ये खेळ बाजारात आला. पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर, एकाच जागी जाऊन उभे राहिले. आणि एकाला दुसरा दिसलाच नाही.

मग जो गदारोळ झाला! साठ डॉलर मोजलेले लोक संतापले. ब्रिटनमध्ये जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेकडे तक्रारी गेल्या. जाहिरातींनी दिशाभूल केली नाही, असा निकाल तिनं नोव्हेंबरमध्ये दिला. निकाल काहीही असो, माझ्या मते मित्र दिसण्याची अपेक्षा रास्तच होती. ती खेळणाऱ्यांच्या मनातून उगवली नव्हती, करणाऱ्याच्या तोंडून आली होती. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. खेळ जूनऐवजी ऑगस्टमध्ये येणार एवढं कळल्यावरच मरे यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. एका खेळाला दोन महिने उशीर, म्हणून माणसाला मारण्याची भाषा! ही अपेक्षा नव्हे. याला दुसरा शब्द आहे, तो तुम्हाला ठाऊक आहे.

पुढे काय झालं? हॅलो गेम्सची मंडळी बोलायचीच थांबली आणि काम करत राहिली. नोव्हेंबर २०१६ पासून एकेक भर पडू लागली, सगळी फुकट. जुलै २०१८ मध्ये मित्र दिसू लागले. २०१९ मध्ये खेळणाऱ्यांनीच वर्गणी काढून कंपनीच्या ऑफिसाजवळ आभाराचा भला मोठा फलक लावला, आणि उरलेले पैसे सिडनीच्या लहान मुलांच्या रुग्णालयाला दिले. मरे यांनी आधी कमी बोलून नंतर जास्त केलं असतं, तर त्या दोन वर्षांचा मनस्ताप दोन्हीकडे वाचला असता, असं मला राहून राहून वाटतं.

आईबाबांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. खेळ विकत घेणं वेगळं आणि खेळाच्या आशेला पैसे देणं वेगळं. 'स्टार सिटिझन' हा अंतराळातला खेळ २०१२ मध्ये लोकांकडून पैसे गोळा करून सुरू झाला. तो २०१४ मध्ये यायचा होता. २०२४ पर्यंत त्यासाठी ७० कोटी डॉलरहून जास्त जमले, तरी खेळ अर्धवटच होता. तेव्हा मुलानं पैसे मागितले, तर आज हातात काय मिळणार आहे, एवढं त्यालाच विचारा.

माझ्या चौथीच्या वर्गात मी एकदा विचारलं, "माइनक्राफ्टमध्ये तुम्हाला काय हवं?" रिक्षा, मोर, वडापावची गाडी, अशी यादी झाली. एक जण म्हणाला, "वाघ!" लगेच मागून आवाज, "माझ्या गायी खाईल तो!" झालं! अर्धा वर्ग वाघाच्या बाजूनं आणि अर्धा गायींच्या.

अमेरिकेत १९९७ मध्ये निघालेल्या 'अल्टिमा ऑनलाइन' या खेळात असंच झालं. हजारो माणसं एकाच वेळी एका जगात राहू शकतील, असा तो सुरुवातीच्या खेळांपैकी एक. रिचर्ड गॅरियट आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यात एक सुंदर साखळी रचली होती. गवत, गवत खाणाऱ्या मेंढ्या, मेंढ्या खाणारे लांडगे. मेंढ्या कमी झाल्या तर उपाशी लांडगे गावाकडे येणार. खरं जंगलच! पण खेळाडू आत शिरले आणि दिसेल तो प्राणी मारत सुटले. नवे प्राणी तयार व्हायच्या आत जुने संपले. साखळी उभीच राहिली नाही, आणि गॅरियट सांगतात, की अशी साखळी होती हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. शेवटी ती काढून टाकावी लागली.

त्याच खेळात दांडगे खेळाडू नवख्यांना गाठून लुटायचे, मारायचे. नवखे म्हणत, "आम्हाला वाचवा." जुने म्हणत, "भीतीच नसेल तर मजा कसली?" २००० मध्ये उपाय निघाला. त्याच जगाची दुसरी प्रत केली, नाव 'ट्रॅमेल', आणि तिथे एकमेकांना असं गाठून मारायला बंदी. बहुतेक जण तिकडे राहायला गेले. ज्यांना भीतीची मजा हवी होती ते आजही तक्रार करतात, की त्या दिवशी आमचा खेळ संपला. दोघांचं मागणं आपापल्या जागी खरंच होतं, आणि दोन्ही एका जगात मावत नव्हती.

माइनक्राफ्टचं प्राण्यांचं मतदान २०२४ मध्ये कायमचं बंद झालं. २०२१ च्या मतदानात हरलेला तांब्याचा पुतळा, 'कॉपर गोलेम', सप्टेंबर २०२५ मध्ये खेळात आला. तेव्हा खेकड्यावाल्यांनी आशा सोडायचं कारण नाही!

आता एक काम करा. तुमच्या आवडत्या खेळात हवी असलेली एकच गोष्ट वहीत लिहा. तिच्याखाली लिहा, ती राहील कुठे, खाईल काय, कोण तिला घाबरेल, आणि ती आल्यावर खेळातली आत्ताची कुठली गंमत कमी होईल. मग वही शेजारच्या मुलाला वाचायला द्या. त्याला ती गोष्ट नको असेल तर का नको, ते त्यालाच खाली लिहू द्या.