घारापुरी : शेवटची लाँच गेल्यानंतर

नाशिककराला लेण्यांचे अप्रूप नाही. पांडवलेणी त्याच्या दाराशीच आहेत. पाहुणे आले की त्यांना घेऊन डोंगर चढावा आणि दिवेलागणीच्या आत घरी यावे, हा त्याचा रिवाजच. तरीदेखील मुंबईस गेलेले नाशिकचे कुटुंब एकदा तरी घारापुरीला जाऊन येतेच. सकाळच्या 'पंचवटी'ने निघावे, गेटवेवर लाँच पकडावी, तासाभरात बेटावर उतरावे, पायऱ्या चढून सदाशिवाच्या सुमारे अठरा फूट उंच मूर्तीपुढे क्षणभर निःशब्द उभे राहावे, उकडलेले कणीस खावे, माकडापासून पिशवी सांभाळावी आणि संध्याकाळच्या लाँचने परत फिरावे, असा हा साऱ्यांचा ठरलेला कार्यक्रम.

परंतु वाचकहो, शेवटची लाँच निघून गेल्यावर त्या बेटावर मागे कोण राहते, याचा विचार आपल्यापैकी कितीजणांनी केला असेल?

मागे राहते एक गाव. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा त्याच्या तीन वस्त्या, आणि माणसे सुमारे बाराशे. त्यांची स्वतःची ग्रामपंचायत आहे. जिल्हा रायगड, तालुका उरण. गेटवेपासून अंतर जेमतेम दहा-अकरा किलोमीटर. म्हणजे आपल्या नाशिकरोडहून पंचवटीत जाण्याइतकेच! पण मध्ये रस्ता नाही, समुद्र आहे. आणि सगळी गोष्ट तेथेच बदलते.

उशिरा आलेली वीज

रात्री या बेटावरून पाहिले तर पलीकडे मुंबईचे लक्षावधी दिवे दिसतात. ते दृश्य बेटावरच्या चार-पाच पिढ्यांनी पाहिले, पण स्वतः अंधारात बसून. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे येथे समुद्रापलीकडून वीज आली नव्हती. डिझेलवर चालणारे जनित्र संध्याकाळी तीन-साडेतीन तास चाले. ते थांबले की गावाने अंथरुणे घालायची. आपल्या एकलहऱ्याच्या वीजकेंद्राचे काम १९७० च्या सुमारास सुरू झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे या विलंबाची लांबी कळते.

अखेर समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकण्यात आली आणि २२ फेब्रुवारी २०१८ रोजी घारापुरीत बारमाही वीज पोहोचली. शहरातल्या गृहिणीला यात काय मोठेसे वाटेल? पण जिच्या घरी शीतकपाट नाही, तिला नवऱ्याने आणलेली मासळी त्याच दिवशी विकावी, शिजवावी किंवा वाळत घालावी लागते. सरबताच्या टपरीला लागणारा बर्फ दर सकाळी लाँचमधून आणावा लागतो. दहावीच्या मुलाला जनित्राच्या वेळापत्रकाप्रमाणे अभ्यास करावा लागतो. विजेने त्यांच्या दिवसाला आणखी चार तास जोडून दिले, असे म्हटले तरी चालेल.

सोमवारचा दिवस

या गावाचे पोट कशावर चालते, ते सोमवारी नीट कळते. सोमवारी लेणी बंद असतात. धक्क्यापासूनची छोटी आगगाडी थांबते, पायऱ्यांच्या दोहों बाजूंच्या दुकानांवर ताडपत्र्या पडतात, वयस्कर पाहुण्यांना डोलीत बसवून वर नेणारे गडी घरी बसतात. त्या दिवशी गावाला सुट्टी, आणि मिळकतीलाही! थोडी भातशेती, थोडी मासेमारी आहे. पण बहुतेक घरांची चूल आता आपल्यासारख्या पाहुण्यांवर पेटते. पावसाळ्यात समुद्र खवळला आणि लाँच बंद राहिल्या की असे सोमवार एकामागून एक येऊ लागतात.

मासेमारीचा पूर्वीचा आधारही सैल झाला आहे. समोरच न्हावा-शेवा येथे १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. देशाच्या व्यापाराला त्याने मोठा हातभार लावला, हे खरेच. पण बेटाभोवतीचे पाणी मोठ्या जहाजांची वाट झाले आणि लहान होडीवाल्याची जागा आक्रसत गेली. या गर्दीच्या पाण्यात धोकाही आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान नौका चाचणीदरम्यान येऊन आदळली आणि पंधरा जणांचा बळी गेला. ज्या वाटेवर आपण वर्षातून एकदा हौसेने जातो, ती बेटावरच्या माणसाची रोजची वाट आहे. त्याच्या मुलाला कॉलेजात जायचे तर बोट, दुखणे वाढले तर बोट, आणि बाळंतीण अडली तर रात्रीच्या अंधारातही बोटच.

वारशाचे ओझे

१९८७ साली युनेस्कोने घारापुरीची लेणी जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. हा सन्मान साऱ्या महाराष्ट्राचा आहे. सहाव्या शतकातले ते कोरीव काम जपलेच पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मात्र त्या सन्मानाबरोबर निर्बंधही येतात. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम वर्ज्य, आणि त्यापुढच्या दोनशे मीटरपर्यंत परवानगीवाचून वीट रचता येत नाही. पर्यटकांना रात्री मुक्कामाची मुभा नाही. लेण्यांच्या दृष्टीने हे ठीकच. पण ज्याच्या दोन मुलांची लग्ने झाली आहेत, त्याने तिसरी खोली कोठे काढावी? आणि पाहुणा संध्याकाळी जाणारच असेल, तर त्याच्याकडून चहा, कणीस आणि टोपी यांपलीकडे गावाने काय मिळवावे?

या बेटाच्या इतिहासात एक बोलकी घटना आहे. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला 'एलिफंटा' म्हटले, तो हत्ती इंग्रजांनी १८६४ मध्ये हलवायला घेतला आणि त्या प्रयत्नात तो फुटला. त्याचे तुकडे मुंबईस गेले, पुढे सांधले गेले आणि आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे. बेटाला नाव देणारा हत्ती बेटावर नाही! गावाचेही तसेच व्हायचे काय, हीच खरी चिंता आहे. शिकलेला मुलगा नोकरीसाठी उरण-पनवेलला जातो, मुलीचे लग्न मुंबईत होते. कोणी हाकलत नाही, पण गाव तुकड्यातुकड्याने पलीकडे जात राहते.

उद्याचे काय?

बेटासाठी मोठमोठ्या योजना ऐकू येतात. शिवडीहून समुद्रावरून रोपवे नेण्याचा आराखडाही काही वर्षांपूर्वी गाजला. रोपवे होईल तेव्हा होवो. गावाची निकड त्याहून साधी आहे : उन्हाळ्यात पुरेल एवढे पाणी, बाराही महिने हाकेला येणारी रुग्णबोट, आणि शाळा-कॉलेजच्या वेळेला जुळणारी भरवशाची फेरी. एवढे झाले तर मुलाला शिकण्यासाठी घर सोडावे लागणार नाही, आणि शिकल्यावर परतायलाही काही कारण राहील.

दुसरी वाट कमाईची. लेण्यांची माहिती सांगायला बेटावरचीच मुले-मुली शिकून तयार झाली, वालुकाश्म आणि काळा पाषाण यांतला फरक जाणून बोलू लागली, तर पाहुणाही अर्धा तास अधिक रेंगाळेल. घरच्या ओसरीवर तांदळाची भाकरी आणि मासळीचे कालवण मिळू लागले, तर तो पैसा घरातच राहील. यासाठी लेण्यांच्या एका दगडालाही धक्का लावावा लागत नाही.

आणि काही भाग आपलाही आहे. पुढच्या खेपेला मुलाबाळांना घेऊन जाल तेव्हा पहिल्याच लेण्यापाशी छायाचित्र काढून मागे फिरू नका. बेटाच्या पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत, ते मुलांना दाखवा. पांडवलेणी पाहिलेल्या नाशिकच्या मुलांना तेथली बौद्ध परंपरा परकी वाटणार नाही. वाटेत वस्तीतल्या आजींना पाणी मागा, दोन शब्द बोला, जेवण तेथेच घ्या. लेणी चौदा-पंधराशे वर्षे टिकली आहेत, ती यापुढेही टिकतील. त्यांच्या पायथ्याशी चूल पेटती राहावी, एवढे मात्र आपल्या हातात आहे.