रस्ता ओलांडणाऱ्याचा हक्क

मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये 'जेवॉकिंग' (नियम मोडून रस्ता ओलांडणे) नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही. हा शब्दच अमेरिकी. मोटारी वाढल्यावर शहरात गोंधळणाऱ्या गावंढळाला हिणवण्यासाठी तो रूढ झाला. महाराष्ट्रात पायी चालणाऱ्यांवरचे निर्बंध येतात ते प्रामुख्याने महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 33 मधून. रस्त्याचा वापर कोणी कसा करावा, याचे नियम त्याखाली करता येतात.

वाहनचालकावरची बंधने अधिक स्पष्ट आहेत. 2017 च्या वाहनचालन विनियमांनुसार झेब्रा पट्ट्यांपाशी वेग कमी करणे, ओलांडणाऱ्याला आधी जाऊ देणे आणि पट्ट्यांवर गाडी उभी न करणे बंधनकारक आहे. पदपथावरून दुचाकी दामटणे हाही नियमभंगच, मग कोंडी कितीही असो.

पुण्याजवळच्या हिंजवडीत खरी अडचण कायद्याच्या आधी सुरू होते. शिवाजी चौकापासून माणपर्यंत आयटी पार्कची वाहतूक, मेट्रो मार्गिकेचे खांब आणि तुटक पदपथ यांतून वाट काढावी लागते. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकानुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर हवी. औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी), महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए), ग्रामपंचायत अशा अनेक यंत्रणांचा इथे संबंध असल्याने तक्रार नेमकी कुठे करायची, हेच कोडे ठरते. दुभाजकावरून उडी मारणाऱ्याला बेशिस्त म्हणणे त्यामानाने सोपे.

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा पदपथ हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले.