पाणी आधी, वीज मागाहून

ऑस्ट्रेलियाच्या वायव्येस डर्बीहून निघणारा गिब रिव्हर रस्ता सुमारे ६६० किलोमीटरचा असून बराचसा कच्चाच आहे. मोटारीमागे ट्रेलर जोडून लोक त्या भागात आठवडेच्या आठवडे मुक्काम करतात. असा ट्रेलर सजवू लागलो की आपले मन प्रथम विजेकडे धावते. वस्तुतः ती अडचण आता फारशी उरलेली नाही. सौर पॅनेल आणि लिथियम बॅटरी यांवर दिवे व लहानसा फ्रिज सहज चालतो. खरा प्रश्न पाण्याचा! पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोज ५ लिटर धरले, तरी दोघांना १० दिवसांस १०० लिटर, म्हणजे १०० किलो. (अंघोळीचे नाव आम्ही मुद्दामच घेतलेले नाही.) हा भार ठेवावा कोठे? अगदी मागे टाकला, तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हेलकावू लागतो व मोटारीलाही खेचतो. म्हणून टाकी खाली, आसाजवळ हवी. आमच्या मते टाक्या दोन असाव्यात. एकुलतीला दगड लागून भोक पडले, तर सारे पाणी वाळूत जाते. चाके मोटारीच्याच मापाची घ्यावीत, म्हणजे एकच स्टेपनी दोहोंस चालते. आणि रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा असल्याने नट ढिले होतात. तेव्हा संध्याकाळी चहाचे आधण ठेवण्यापूर्वी आपण पाना हाती घ्यावा.