माहितीच्या कोठाराची यादी

कला शाखेच्या वार्षिकांकात संगणकाच्या आज्ञावलीविषयी लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु हा प्रश्न मुळात आपल्याच ओळखीचा आहे. साठवण वाढली की साठवणीत काय काय आहे याची यादी लागते. आणि ती यादी खरी राहावी कशी, ही चिंता त्यामागोमाग येते. ग्रंथपालाला हे निराळे सांगावे लागत नाही.

संगणकावर माहिती साठवण्याची आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली मांडली. त्या वेळी तो अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या संशोधनशाळेत होता. सर्व माहिती तक्त्यांत ठेवावी, आणि एका तक्त्याचे दुसऱ्याशी असलेले नाते त्यातील मूल्यांवरूनच कळावे, असे त्याचे म्हणणे. उदाहरणार्थ, आमच्या विभागाने जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या घ्या. गावांचा एक तक्ता, गायिकांचा एक, ओव्यांचा एक. ओवीच्या ओळीत गायिकेचे नाव पुन्हा लिहायचे नाही. फक्त तिचा क्रमांक लिहायचा. या दुव्याला संगणकाच्या परिभाषेत ‘फॉरेन की’ म्हणतात.

आता तक्ते किती, प्रत्येकात रकाने कोणते, दुवे कुठून कुठे जातात, ही झाली साठ्याच्या आराखड्याची यादी. ती ठेवायची कोठे? कॉडने १९८५ साली जे प्रसिद्ध नियम सांगितले, त्यांतील चौथा नियम याचे उत्तर देतो: साठ्याचे वर्णनही इतर माहितीप्रमाणे तक्त्यांतच असावे, आणि ज्या भाषेत माहिती विचारतो त्याच भाषेत तेही विचारता यावे. म्हणजे यादी हीदेखील माहितीच! एस्क्यूलाइट या छोटेखानी प्रणालीत अशा यादीचा केवळ पाच रकान्यांचा एक तक्ता असतो. पोस्टग्रेसमध्ये ‘इन्फर्मेशन स्कीमा’ नावाचा तक्त्यांचा समूहच आहे. ओरॅकलची व्यवस्था आणखी निराळी. तत्त्व एक, पण घरोघरी मांडणी वेगळी.

येथे प्रोग्रॅमिंगच्या ‘लायब्ररी’चे काम सुरू होते. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. आज्ञावली लिहिणाऱ्याला आयते वापरता येतील अशा तयार भागांचा तो संच असतो. पायथन भाषेतील एस्क्यूएलअल्केमी ही २००६ साली प्रथम प्रसिद्ध झालेली लायब्ररी कोणत्याही घरात शिरून तिथली यादी वाचते आणि ती एकाच साच्यात आपल्यापुढे ठेवते. तिच्यात तक्ता ही एक वस्तू, रकाना ही दुसरी, आणि दुवा ही तिसरी. दुवा हातात धरला की तो ज्या तक्त्याकडे बोट दाखवतो तिथपर्यंत आपण पोहोचतो. नुसती नावांची जंत्री असती तर हे साधले नसते. नाती ठाऊक असल्यामुळे ही लायब्ररी तक्ते योग्य क्रमानेही लावून देते: आधी गाव, मग गायिका, मग ओवी. आईवडिलांची नोंद नसताना मुलाची नोंद कशी करणार? मात्र दोन तक्ते परस्परांवर अवलंबून असले, तर असा क्रम लागत नाही, आणि तशी सूचना ती देते.

याचे महत्त्व मला ओव्यांचा साठा नव्या संगणकावर हलवताना कळले. आमच्याजवळ सात तक्त्यांची एक कागदी यादी होती. लायब्ररीने वाचलेल्या यादीत नऊ निघाले. त्यांतला एक कुणीतरी करून पाहिलेला रिकामा तक्ता होता. दुसऱ्याचे नाव ‘संमती’, आणि त्याचा दुवा थेट गायिकांकडे जात होता. आपले नाव छापू नये असे ज्या बायकांनी सांगितले होते, त्यांची ती नोंद! कागदी यादी कामाच्या आरंभी केलेली. हा तक्ता मागाहून आला. कागदावर विसंबून सातच तक्ते हलवले असते, तर त्या माउल्यांना दिलेला शब्द मोडला असता आणि आम्हाला त्याचा पत्ताही लागला नसता.

तरीही यंत्राने वाचलेल्या यादीवर सर्व भार टाकता येत नाही. ‘संमती’मध्ये ‘स्थिती’ नावाचा रकाना होता. त्यात पूर्णांक असतो आणि तो रिकामा ठेवता येत नाही, एवढे लायब्ररीने सांगितले. त्यात शून्य, एक आणि दोन असे आकडे होते. दोनचा अर्थ काय? तो निवृत्त झालेल्या बाईंना विचारावा लागला. ‘नाव नको, गावाचा उल्लेख चालेल,’ हा तो अर्थ. आकार यंत्राला कळतो. आशय माणसाने लिहून ठेवावा लागतो. पोस्टग्रेससारख्या प्रणालीत तक्त्याला व रकान्याला टिपण जोडण्याची सोय असते, आणि लायब्ररी तेही वाचून दाखवते. पण मुळात ते कुणीतरी लिहिलेले असायला हवे.

मित्रहो, लोकगीते, बोली, जुनी कागदपत्रे यांचे संकलन आता आपल्या शाखेतही संगणकावर होऊ लागले आहे. असे काम हाती घेणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. साठ्यात काय आहे हे साठ्यालाच विचारावे, आणि त्याचा अर्थ काय हे आपण असेतोवर लिहून ठेवावे. पुढे येणाऱ्याला आपल्या घरापर्यंत शोधत येण्याची वेळ येऊ नये.