एकाच घरांतील चढाओढ

स्नेहसंमेलन जवळ आलें म्हणजे मुख्य गाणें कोणाच्या वांट्यास येणार यावरून वर्गावर्गांत कुजबूज सुरू होते, आणि ज्यांस तें मिळत नाहीं त्यांस गुरुजींचा ओढा दुसरीकडे आहे असें वाटूं लागतें. अशीच तक्रार अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या एका कंपनींत कित्येक वर्षें चालली होती; मात्र तेथें प्रश्न हौसेचा नसून पोटाचा होता.

बेरी गॉर्डी या कृष्णवर्णी गृहस्थांनीं १९५९ सालीं घरच्या मंडळींकडून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन हा धंदा आरंभिला. तोच पुढें मोटाऊन या नांवानें प्रसिद्धीस आला. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकन लोकांच्या उपासनागीतांचा आवेश आणि लौकिक प्रेमगीतांचे बोल यांच्या मिलाफांतून जें ‘सोल’ संगीत निर्माण झालें, त्याचें हें एक मोठें माहेरघर होय. येथें ध्वनिमुद्रित झालेलें प्रत्येक गाणें बाजारांत जात नसे. सभा भरवून नवीं गाणीं ऐकत, मतें घेत. पण अखेरचा शब्द बहुधा गॉर्डी यांचा असे. गळा कितीहि गोड असो, गाणें कोणतें मिळतें व तबकडी केव्हां बाहेर पडते यावरच गायकाचें दैव अवलंबून राही. आमच्या मतें पक्षपाताचें मूळ येथेंच आहे.

‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ या गाण्याचीच गोष्ट घ्या. मार्व्हिन गे यांनीं तें १९६७ च्या पूर्वार्धांत गाइलें; गॉर्डी यांस रुचलें नाहीं, म्हणून पडून राहिलें. मग तेंच गाणें ग्लॅडिस नाइट व त्यांच्या साथीदारांस मिळालें. त्यांची तबकडी त्याच वर्षीं निघाली आणि विक्रीचा क्रम छापणाऱ्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या यादींत दुसऱ्या स्थानीं चढली. परंतु १९६८ सालीं गे यांचें गाणें एका संग्रहांत प्रसिद्ध होतांच नभोवाणीवाले तेंच वाजवूं लागले! कंपनीस त्याची स्वतंत्र तबकडी काढणें भाग पडलें व ती सात आठवडे अग्रस्थानीं राहिली. ग्लॅडिस नाइट यांस हें लागलें यांत नवल काय? १९७३ सालीं त्या दुसऱ्या कंपनीकडे गेल्या आणि त्याच वर्षीं तेथें अग्रस्थान मिळविलें.

गे यांच्या तबकडीनें खालीं ढकलली ती सुप्रीम्स या मंडळाची, म्हणजे घरच्याच लाडक्या मंडळाची. लाडकें खरें, पण आरंभीं त्यांच्या तबकड्या चालत नव्हत्या. १९६४ सालीं ज्या गाण्यानें त्यांस प्रथम अग्रस्थान दिलें, तें आधीं मार्व्हलेट्स या मुलींस देऊं केलें होतें. त्यांनीं तें नाकारलें! कंपनीस १९६१ सालीं पहिलें अग्रस्थान मिळवून देणाऱ्या याच मुली. पुढें लागोपाठ पांच तबकड्या पहिल्या आल्यावर उत्तम गाणीं सुप्रीम्सकडेच वळूं लागलीं, हें आम्हांस समजूं शकतें. व्यापारी माणूस चालत्या घोड्यावरच पैसा लावतो.

समजत नाहीं तें निराळेंच. हें मंडळ उभारण्यांत फ्लॉरेन्स बॅलर्ड यांचा मोठा हात होता. तरी गॉर्डी यांनीं मुख्य आवाज डायना रॉस यांचा ठरविला. १९६७ सालीं मंडळाच्या नांवाआधीं रॉस यांचें नांव जोडलें आणि त्याच वर्षीं बॅलर्ड यांस बाहेर जावें लागलें. सुप्रीम्सच्या एकंदर बारा अग्रगण्य तबकड्यांपैकीं दहा त्या असतांनाच्या आहेत. १९७६ सालीं, अवघ्या ३२ व्या वर्षीं, त्या निवर्तल्या.